माणदेशी ताट, मोडलेली मेहनत आणि यकृतातली चरबी

यकृत हा बरगड्यांच्या आड, पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला असलेला सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. जेवणातून रक्तात उतरलेली साखर साठवणे, उपाशीपोटी ती परत सोडणे, पित्त तयार करणे, रक्त गोठायला लागणारी प्रथिने बनवणे, दारू आणि औषधांचा निचरा करणे, ही सगळी कामे ते एकाच वेळी करत असते. साखर साठवायची त्याची ताकद मात्र बेताची आहे, साधारण १०० ग्रॅम. त्यापलीकडे आलेल्या साखरेची यकृत चरबी करते. पाच टक्क्यांहून अधिक यकृतपेशींत चरबीचे थेंब दिसू लागले, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमुळे ‘फॅटी लिव्हर’ हेच नाव आता खेडोपाडी रुळले आहे.

दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांमधले प्रमाण ३८.६ टक्के आणि मुलांमधले ३५.४ टक्के निघाले. पाहण्यांतले गट सारखे नव्हते. काही रुग्णालयातले होते, काही लठ्ठ मुलांचे. त्यामुळे हे आकडे एखाद्या तालुक्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दर तीन प्रौढांत एक, हा अंदाज फार चुकीचा ठरत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला.

सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, माणगंगेच्या काठच्या माणदेशात वसलेल्या आटपाडीसारख्या तालुक्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. यकृताचा आजार म्हणजे कावीळ, ही इथली जुनी समजूत. डोळे पिवळे झाले तरच यकृत बिघडले, नाहीतर ठणठणीत. चरबी साठण्याच्या आजारात मात्र वर्षानुवर्षे काहीच पिवळे होत नाही, दुखत नाही, भूकही मरत नाही. मुतखड्यासाठी किंवा पित्ताच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली, की रिपोर्टच्या एका ओळीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे लिहून येते. मग एक तर घर घाबरून जाते, नाहीतर ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद फडताळात जातो. दोन्ही प्रतिक्रिया चूकच. बहुतेकांचा आजार चरबीपाशीच थांबतो. काहींच्या यकृताला सूज येते, सुजेतून व्रण पडत जातात आणि त्यातल्या थोड्यांचे यकृत कालांतराने आकसते, निबर होते. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. पुढे काय होणार हे चरबी किती आहे यापेक्षा व्रण किती आहेत यावर जास्त ठरते. शिवाय अशा रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदयविकार आहे.

ही चरबी येते कुठून, हे समजल्याशिवाय आहाराच्या सल्ल्याला अर्थ येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की तिच्यातला सुमारे ५९ टक्के भाग शरीराच्या स्वतःच्या चरबीतून सुटून आला होता, २६ टक्के यकृताने पिष्ट आणि साखरेपासून नव्याने बनवला होता आणि जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेला भाग जेमतेम १५ टक्के होता. पोटाभोवती चरबी साठली, की शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. चरबीच्या पेशी आपला साठा रक्तात सोडत राहतात आणि तो यकृतात जाऊन पडतो. ‘तेलकट बंद करा’ एवढाच सल्ला अपुरा पडतो तो यामुळे. तेल बंद करून भात, साखर आणि बैठक तशीच ठेवणाऱ्याच्या यकृतात फारसा फरक पडत नाही.

या आजाराला लठ्ठपणा लागतोच असे नाही, आणि त्यामागचे शास्त्र मराठी मुलखातच उलगडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी होती. त्यांचे स्नायू कमी भरले होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याज्ञिकांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना केली आणि ती २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. वरून सडसडीत, आतून चरबी धरून असलेला असा हा देह आहे. त्यामुळे भारतीयांसाठी मोजमापे कडक ठेवली जातात. इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. खेड्यातल्या माणसाला वजनकाट्यापेक्षा करगोटा जास्त खरे सांगतो.

आटपाडीला ही माहिती विशेष लागू पडते. हा पर्जन्यछायेतला मुलूख. १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरचा मिलो दळून त्याच्या भाकरी थापल्या. त्या काळातल्या अर्धपोटी आयांची मुले आज पन्नाशीच्या घरात आहेत. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी पुढे टप्प्याटप्प्याने तालुक्यात आले. डाळिंबाने पैसा दिला, ऊस वाढला. सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायात देशभर पांगलेल्या कुटुंबांनी गावाकडे घरे बांधली. उपासमारीत घडलेल्या देहाला एका पिढीत सुकाळ भेटला, तर त्याचा भार आधी पोटावर आणि यकृतावर पडतो, हे याज्ञिकांच्या अभ्यासाशी जुळणारे आहे. सुकाळ वाईट, असा याचा अर्थ नाही. ज्यांनी दुष्काळ भोगला, त्यांना अंगावर चढलेले मांस बरकतीचे वाटते आणि पाहुण्याला आग्रहाने चौथी भाकरी वाढणे ही माया वाटते. आहाराचा सल्ला देणाऱ्याने ही माया ओळखूनच बोलावे, नाहीतर त्याचे कुणी ऐकत नाही.

जुने माणदेशी ताट यकृताचे वैरी नव्हते. बाजरीची किंवा शाळूची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, रानातली तांदुळजा-पाथरी-घोळ, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी आणि ताक. बाजरीत आणि ज्वारीत दर १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात तीनही नसतात. हुलग्यात २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि यकृतावर एकदम मारा होत नाही. हुलगा गरिबाचे आणि बैलाचे खाणे म्हणून मागे पडला, ही या भागातल्या आहाराची मोठी हानी म्हणावी लागेल.

तरीही ‘आपली भाकरीच बरी’ म्हणून विषय संपत नाही. ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २७५ उष्मांक असतात. दोन वेळच्या जेवणात प्रत्येकी तीन भाकरी खाणाऱ्याच्या पोटात भाकरीतूनच सोळाशेहून अधिक उष्मांक जातात. बैलांमागे दिवसभर नांगर धरणाऱ्याला ते पुरे पडत नव्हते. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, बागेला ठिबक आहे, रानात जायला मोटारसायकल आहे, मोटर मोबाइलवरून चालू होते. ताट मात्र नांगऱ्याचेच राहिले आहे. भाकरी दोनावर आणावी आणि जी जागा रिकामी होईल तिथे उसळ, पालेभाजी, काकडी, कांदा, मुळा यावा. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ किंवा अंड्याचे आणि पाव ताट भाकरीचे, एवढे जमले तरी पुष्कळ. भाकरीवर पुन्हा भात घ्यायचा असेल, तर एक भाकरी कमी करावी.

साखरेचा प्रश्न चहापासून सुरू होतो. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे. बांधावर, बाजारात, एसटी स्टँडवर, सोसायटीच्या ऑफिसात चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. त्यामुळे चहा सोडण्यापेक्षा साखर अर्धी करत नेणे सोपे जाते. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा बराचसा निपटारा यकृतातच होतो आणि त्यातून चरबी बनायला वेळ लागत नाही. गुळाचा चहा घेतल्याने काही साधत नाही, गूळही मुख्यतः साखरच. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, आणि ती बाटली आता लग्नाच्या पंगतीपासून शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत सगळीकडे पोचली आहे. मुलांच्या बाबतीत सगळ्यात आधी हात घालावा तो या बाटलीला आणि बिस्किटाच्या पुड्याला.

आटपाडीचे डाळिंब मात्र निर्दोष आहे. पण त्याने ‘लिव्हर साफ होते’ हा दावा खरा नाही. दाणे चावून खाल्ले तर त्यातले तंतू पोटात जातात. चार डाळिंबांचा रस एका ग्लासात उतरला, की मागे उरते ते गोड पाणी.

तेलाबाबत प्रश्न आहे तो प्रमाणाचा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरले, तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो तेल पुरे. भजी-वड्याच्या कढईतले तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावे. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय इथली भाजी होत नाही, आणि शेंगदाण्यातली चरबी चांगल्या प्रतीची असली, तरी १०० ग्रॅम दाण्यांत पाचशेहून अधिक उष्मांक असतात हे विसरू नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट साठवणीची. ओलसर पोत्यात शेंगांवर आणि मक्यावर धरणारी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतपेशींना थेट मारते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेले तर कर्करोगाला वाट करून देते, ब प्रकारच्या काविळीचा संसर्ग असेल तर अधिकच. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन ३९७ जण आजारी पडले आणि त्यांतले १०६ दगावले. काळे, आकसलेले, कडू दाणे निवडून टाकून द्यावेत. चटणीत तिखट पडले की कडूपणा झाकला जातो, विष तसेच राहते.

मेंढपाळांच्या या मुलखात मटणाला उगाच आरोपी केले जाते. जत्रेची, कंदुरीची पंगत वर्षातून काही वेळा होते. आठवड्यातून एकदा बेताचे मटण, वरची तर्री बाजूला काढून, यकृताला जड जात नाही. रोजचे फरसाण, वडापाव आणि खारी-बटर त्याहून जास्त नुकसान करतात. उपवासाचेही तसेच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर दाण्याचे कूट आणि तूप. एकादशीची अशी खिचडी नेहमीच्या जेवणापेक्षा जड होते. ठरावीक तासांतच खाण्याच्या नव्या पद्धतीचा फायदा होतो, तो मुख्यतः एकूण खाणे घटते म्हणून.

दारूवर थोडे स्पष्ट बोलावे लागते. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. पुरुषाने रोज ३० ग्रॅमच्या आणि बाईने २० ग्रॅमच्या पुढे दारू घेतली, तर यकृतातल्या चरबीच्या कारणांत डॉक्टर दारूही धरतात. अर्धी क्वार्टर झाली की पुरुषाची ती रेषा गाठलीच. ज्याचे यकृत आधीच मेदयुक्त आहे, त्याच्यासाठी सुरक्षित प्रमाण असे नाही. वाढलेले पोट आणि रोजची दारू एकत्र आली, की व्रण पडण्याचा वेग वाढतो. हातभट्टीची असो की सीलबंद, यकृताच्या लेखी प्रश्न अल्कोहोलचाच. हातभट्टीत मिथेनॉलचा जिवावरचा धोका वर असतो, इतकेच. साधी काळी कॉफी पिणाऱ्यांत यकृतावरचे व्रण कमी आढळतात, असे बऱ्याच पाहण्यांत दिसले आहे. चहाच्या मुलखात ही बातमी कितपत रुजेल, हा प्रश्नच आहे.

‘लिव्हर टॉनिक’ आणि काढे हा वेगळाच धंदा. यकृत धुऊन काढणारे कोणतेही औषध नाही, आणि झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक असेही नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद चालू राहील, पण यकृत आधीच दुखावलेल्या माणसाने अनोळखी भुकटी आणि काढे पोटात घालण्याचा धोका कशाला पत्करावा? कावीळ झाली, तर ती उतरवून घेण्यात दिवस घालवण्यापेक्षा रक्त तपासून ती कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहावे. ब आणि क प्रकारच्या काविळीचे निदान आणि उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात.

व्यायामाच्या बाबतीत आटपाडीचा वारसा मोठा आहे. हा तालुका औंध संस्थानाचा होता, आणि औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराला व्यायाम म्हणून देशभर, पुढे परदेशातही पोचवले. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत मेंढपाळांच्या वाडीत तालीम बांधली जाते आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो, हा प्रसंग निव्वळ कल्पनेचा वाटत नाही. त्या काळच्या व्यायामाचा हेतू बळकट प्रजा हा होता. यकृतातल्या चरबीची तेव्हा कुणाला कल्पनाही नव्हती. तरी नमस्कारात मोठे स्नायू एकामागून एक कामाला लागतात, दम लागतो, साधन लागत नाही आणि जागा सतरंजीएवढी पुरते. यकृताला हवे ते नेमके हेच.

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि यकृताकडे चरबी बनवायला कमी माल पोचतो. म्हणूनच वजन घटले नाही, तरी व्यायामाने यकृतातली चरबी उतरते. १४ चाचण्यांतल्या ५५१ रुग्णांच्या एका एकत्रित विश्लेषणात आठवड्याला साधारण १५० मिनिटे झपाझप चालण्याएवढा व्यायाम करणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांच्या यकृतातली चरबी अर्थपूर्ण प्रमाणात कमी झाली. त्याहून कमी व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. झपाझप म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा वेग. दंड, बैठका, वजने उचलणे यांनीही चरबी घटते. गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे. गुडघेदुखीत पूर्ण बैठक न मारता खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याची सवय करावी. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी नमस्कार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

‘रानातलं काम हाच आमचा व्यायाम’ हे उत्तर अर्धे खरे आहे. खुरपणी, तोडणी, वैरण काढणे यांत घाम निघतो, पण काम हंगामी असते, आणि ते बरेचसे बायकांच्या आणि मजुरांच्या वाट्याला येते. बागायतदार बांधावर उभा राहून देखरेख करतो. गलाईच्या दुकानात दिवस भट्टीपाशी बसून जातो. वर्षातून एकदा पंढरीची पायी वारी करणाऱ्याचे पाय त्या दिवसांत भरपूर चालतात, पण उरलेल्या महिन्यांची भरपाई त्यातून होत नाही. व्यायाम थांबल्यावर त्याचा परिणाम काही आठवड्यांतच ओसरू लागतो. त्यामुळे रोजची अर्धा तासाची सवय मोठ्या पण तुटक खटाटोपापेक्षा कामाची. मोटारसायकल घरी ठेवून रानात चालत जाणे ही तिची सोपी सुरुवात.

वजन किती उतरवावे, याचे ठोस उत्तर २०१५ मध्ये क्युबातल्या २९३ रुग्णांच्या वर्षभराच्या अभ्यासातून मिळाले. पाच टक्के वजन घटले की चरबी कमी होते, सात टक्क्यांच्या पुढे सूज ओसरू लागते आणि दहा टक्के गाठणाऱ्यांच्या यकृतावरचे व्रणही भरू लागतात. ८० किलोच्या माणसासाठी हे टप्पे अनुक्रमे चार, साडेपाच आणि आठ किलोंचे. सडपातळ रुग्णाला तीन ते पाच टक्केही पुरतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बरा. उपाशी राहून झपाट्याने वजन पाडले, तर चरबी एकदम यकृताकडे सुटून सूज वाढू शकते.

तपासणीची सोय गावातूनच सुरू होते. तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म आशाताई भरतात, त्यात कमरेचे माप असते. माप जास्त असेल, मधुमेह असेल, तर पुढची पायरी साध्या रक्ततपासणीची. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ‘फिब-फोर’ नावाचा गुणांक निघतो. तो १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण नसण्याची शक्यता जास्त, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जाणे भाग. पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात. मधल्यांसाठी यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन असतो, त्यासाठी मिरज-सांगलीसारख्या मोठ्या ठिकाणी जावे लागते. एकटा एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नये. व्रण पडलेल्या कित्येकांचा तो नॉर्मलच असतो. औषधे अलीकडे आली आहेत. रेस्मेटिरॉमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण ती ठरावीक टप्प्यावरच्या रुग्णांसाठी आणि आहार-व्यायामाच्या जोडीने द्यायची आहेत.

सिऱ्होसिस झालेल्या रुग्णाला मात्र वरचा बराचसा सल्ला उलटा लागतो. त्याचे यकृत साखर साठवू शकत नाही. रात्रभराच्या उपाशीपणात शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. ‘लिव्हर खराब आहे, हलकं खा’ म्हणून त्याला पेज आणि उसाचा रस देण्याची पद्धत घातक ठरते. त्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, हुलगा, दही, अंडी यांतून ती भागू शकतात. दिवसभरात थोडे थोडे, आणि झोपण्यापूर्वी एकदा भाकरी-दूध किंवा तसेच काही खायला द्यावे. पोटात पाणी झाले असेल, तर मीठ कमी करावे. म्हणजे लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ बंद. झेपेल तेवढे चालणे या अवस्थेतही चालू ठेवावे.